डेनिस रिची : विश्वासाची भाषा आणि मेमरीचा हिशेब

१९७१ सालच्या उत्तरार्धात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या मरे हिल येथे, बेल लॅबोरेटरीज या प्रख्यात संशोधन संस्थेत, एकाच लहानशा संगणकावर अगदी भिन्न प्रकारची दोन कामे एकाच वेळी चालली होती. पेटंट विभागातील तीन टंकलेखक त्यावर पेटंटच्या अर्जांचे मसुदे तयार करीत होते आणि त्याच यंत्रावर मूठभर संशोधक एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम घडवीत होते. यंत्राची एकूण मेमरी होती अवघी २४ किलोबाइट. त्यातली १६ किलोबाइट सिस्टीमने व्यापलेली, उरलेली ८ वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमसाठी. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत शिरू नये, अशी राखण करणारी कोणतीही सोय त्या यंत्रात नव्हती. त्यामुळे नव्या प्रोग्रॅमची प्रत्येक चाचणी धाडसाचे काम ठरे. संशोधकाच्या हातून एखादा आकडा भलत्याच पत्त्यावर लिहिला गेला, की सारी यंत्रणा कोसळण्याची भीती असे. शिवाय डिस्क अगदी लहान असल्यामुळे दर काही तासांनी टंकलेखकांचे काम चुंबकीय फितीवर उतरवून ठेवावे लागे.

त्या मूठभर संशोधकांपैकी एक होते डेनिस रिची. वय वर्षे तीस. मितभाषी, संकोची आणि दुपारी कामावर येऊन रात्री उशिरापर्यंत जागणारे. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी याच यंत्रासाठी एक प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली. तिचे नाव अवघ्या एका अक्षराचे – सी. एका चुकीच्या पत्त्यामुळे सर्वांचे काम कसे बुडते, हे रोज पाहणाऱ्या या माणसाने मेमरीच्या साऱ्या किल्ल्या प्रोग्रॅमरच्या हाती देणारी भाषा घडवली. संगणकयुगाने त्या किल्ल्यांचा उपयोगही भरपूर केला आणि त्यांची किंमतही मोजली. रिची यांच्या आयुष्याची कहाणी ही बऱ्याच अंशी त्या निर्णयाची कहाणी आहे.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. त्यांचे बालपण न्यू जर्सीतील समिट या गावी गेले. वडील ॲलिस्टर रिची हे बेल लॅबोरेटरीजमध्येच शास्त्रज्ञ होते. टेलिफोनची जोडणी आपोआप करणाऱ्या स्विचिंग मंडलांच्या रचनेवर त्यांनी सहकाऱ्यांसमवेत लिहिलेला ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्या विषयातला तो मान्यवर ग्रंथ समजला जाई. होय आणि नाही या दोनच अवस्थांमधून गुंतागुंतीची यंत्रणा उभी करण्याची विद्या अशा रीतीने घरातच होती.

पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच विद्यापीठातल्या युनिव्हॅक संगणकाविषयी एक व्याख्यान त्यांनी ऐकले आणि त्यांचे मन त्या यंत्राकडे ओढले गेले. भौतिकशास्त्रज्ञ होण्याइतकी आपली बुद्धी नाही, असे ते पुढे स्वतःविषयी विनयाने सांगत. हार्वर्डमध्येच उपयोजित गणितात त्यांनी संशोधन केले. एखादा प्रोग्रॅम किती पायऱ्यांत पूर्ण होईल हे त्याच्या रचनेवरून कितपत सांगता येते, हा त्यांच्या प्रबंधाचा गाभा होता. १९६८ मध्ये प्रबंध लिहून पूर्ण झाला. परंतु त्याची बांधलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात रीतसर जमा झालीच नाही आणि डॉक्टरेटची पदवी राहून गेली. पदवीविना राहिलेला हा प्रबंध पुढे कित्येक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्यांच्या निधनानंतर तो सापडला आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने तो सर्वांसाठी खुला केला.

१९६७ मध्ये रिची वडिलांच्याच संस्थेत रुजू झाले. त्या वेळी बेल लॅबोरेटरीज, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी मिळून मल्टिक्स नावाची एक महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टीम बांधत होत्या. शेकडो लोकांनी एकाच संगणकावर एकाच वेळी काम करावे, असे ते स्वप्न होते. काम लांबत गेले, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतले. रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांना या माघारीची चुटपुट लागून राहिली. एकाच यंत्राभोवती जमून, एकमेकांचे काम पाहत काम करण्याची सवय त्यांना मल्टिक्सने लावली होती. ती सुटू नये म्हणून थॉम्प्सन यांनी त्याच उन्हाळ्यात, फारसा कोणी वापरत नसलेल्या पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर एक लहान सिस्टीम उभी केली. तीच पुढे युनिक्स म्हणून प्रसिद्ध झाली.

या सिस्टीमसाठी थॉम्प्सन यांनी बी नावाची भाषाही तयार केली होती. इंग्लंडमधील मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेचे ते काटछाट केलेले रूप. बी भाषेच्या दृष्टीने मेमरी म्हणजे एकसारख्या घरांची लांबच लांब रांग होती. घरात संख्या आहे, अक्षर आहे की दुसऱ्या घराचा पत्ता आहे, याच्याशी भाषेला कर्तव्य नव्हते. पीडीपी-७ वर हे चालून गेले. १९७० मध्ये पीडीपी-११ हे नवे यंत्र आले आणि अडचणी सुरू झाल्या. या यंत्रात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, तर बी भाषा मोठ्या घरांच्या हिशेबात विचार करी. त्यामुळे प्रत्येक पत्ता वापरताना आधी त्याचे रूपांतर करावे लागे आणि त्यात यंत्राचा वेळ जाई. अक्षरे हाताळणेही जिकिरीचे झाले होते.

रिची यांनी १९७१ मध्ये बी भाषेची डागडुजी करायला घेतली. आधी अक्षरांसाठी वेगळा प्रकार आला, मग संख्यांसाठी, मग पत्त्यांसाठी. पत्ता साठवणाऱ्या या प्रकाराला पॉइंटर म्हणतात. डागडुजी करता करता भाषाच नवी झाली. त्यातला सर्वांत कळीचा निर्णय वरकरणी अगदी किरकोळ वाटावा असा होता. युनिक्समध्ये फाइलींच्या यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची असे. पहिल्या दोन बाइटमध्ये फाइलचा क्रमांक आणि पुढच्या १४ बाइटमध्ये तिचे नाव. ही नोंद मेमरीत जशी आहे तशीच भाषेत मांडता यावी, अशी रिची यांची इच्छा होती. बी भाषेच्या पद्धतीत अक्षरांच्या रांगेसोबत तिचा पत्ता ठेवणारे आणखी एक घर लागे. १६ बाइटच्या नोंदीत त्या घराला जागाच नव्हती.

रिची यांनी ते घर काढून टाकले. रांगेचे नाव जिथे येईल तिथे तिच्या पहिल्या घराचा पत्ता समजावा, असा नियम त्यांनी केला. पत्ता कुठे साठवण्याची गरज उरली नाही, नोंद नेमकी १६ बाइटमध्ये बसली आणि भाषा विलक्षण वेगवान झाली. मात्र ही रांग दुसऱ्या कामाच्या हवाली करताना केवळ तिचा प्रारंभ सांगितला जाई. तिची लांबी मागे राही. रांग कुठे संपते, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येऊन पडली. शब्दांच्या बाबतीतही तसेच घडले. बीसीपीएलमध्ये प्रत्येक शब्दाच्या आरंभी त्याची लांबी लिहिलेली असे. बी भाषेने ती पद्धत सोडून शब्दाच्या अखेरीस समाप्तीची खूण ठेवली होती. एका छोट्या घरात लांबी लिहायची तर शब्दाच्या लांबीवर मर्यादा येते आणि लांबीची नोंद सांभाळत बसणे गैरसोयीचे होते, हा त्यामागचा विचार. सी भाषेने ही पद्धत कायम ठेवली. २४ किलोबाइटच्या यंत्रावर काम करणाऱ्यांना एकेका बाइटचे मोल ठाऊक होते. त्यांचे तर्कशास्त्र त्या काळापुरते चोख होते.

थॉम्प्सन यांनी १९७२ मध्ये युनिक्सचा गाभा या नव्या भाषेत लिहून पाहिला. पण वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीची एकत्र मोट बांधण्याची सोय तेव्हा भाषेत नव्हती आणि त्यांनी तो नाद सोडला. रिची यांनी ती सोय केल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहून काढला. ऑपरेटिंग सिस्टीम म्हटली की ती यंत्राच्या स्वतःच्या सांकेतिक भाषेत लिहायची, अशी तोवरची सर्वसाधारण रीत होती. आता तीच सिस्टीम दुसऱ्या यंत्रावर नेणे शक्य झाले. १९७४ मध्ये दोघांचा युनिक्सवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील विद्यापीठांकडून मागण्या येऊ लागल्या.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक आले. सव्वादोनशे पानांच्या आसपासचे हे पुस्तक लेखकांच्या आद्याक्षरांवरून के अँड आर या नावानेच ओळखले जाते. त्यातला शिकवण्याचा भाग मुख्यतः कर्निगन यांनी लिहिला. भाषेची काटेकोर नियमावली आणि युनिक्सशी संवाद कसा साधावा हे सांगणारे प्रकरण रिची यांचे. त्या प्रकरणाच्या अखेरीस मेमरीचे वाटप करणारा एक छोटा प्रोग्रॅम दिला आहे. सी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना मेमरी कशी वाटली जाते आणि तिचे वाटप कसे बिघडते, हे त्या तीन-चार पानांनी शिकवले.

ही पद्धत समजायला कठीण नाही. प्रोग्रॅमला मेमरीचा तुकडा हवा असला, की तो किती बाइट हवेत ते सांगतो आणि वाटप करणारा त्याला मोकळ्या तुकड्याचा पत्ता देतो. काम झाले की तुकडा परत करायचा. मोकळे तुकडे पत्त्यांच्या क्रमाने एका साखळीत गुंफलेले असतात. शेजारचे दोन तुकडे मोकळे झाले, तर ते जोडून एक केले जातात. या साऱ्याचा हिशेब कुठे ठेवायचा? तर प्रत्येक तुकड्याच्या अगदी आरंभी, त्याच मेमरीत. तुकडा केवढा आहे आणि पुढचा मोकळा तुकडा कुठे आहे, एवढेच तिथे लिहिलेले असते. शेताच्या बांधावर दगड रोवून त्यावरच सातबारा कोरून ठेवावा, तसा हा प्रकार. कचेरी निराळी नाही, तलाठी निराळा नाही.

बांधावरच सातबारा असला, की बांध कोरणाऱ्याच्या हातून तोही जातो. रोमन लिपीत मुंबई हे नाव सहा अक्षरांचे आहे. ते साठवायला सहा बाइट मागितले तर हिशेब चुकला, कारण समाप्तीच्या खुणेसाठी सातवा बाइट लागतो. सहाच मागितले तर सातवी खूण तुकड्याच्या हद्दीबाहेर जाऊन पडते. कधी तिथे मोकळी जागा असते आणि काहीच बिघडत नाही. कधी मात्र शेजारच्या तुकड्याचा हिशेब पुसला जातो. तेव्हाही लगेच काही होत नाही. प्रोग्रॅम शांतपणे पुढे चालत राहतो. नंतर केव्हातरी, भलत्याच कामासाठी कोणी मेमरी मागतो, वाटप करणारा साखळीत पुढचा तुकडा शोधू लागतो, पुसलेल्या पत्त्याच्या मागे जातो आणि सारा प्रोग्रॅम कोसळतो. ज्या ओळीवर तो कोसळला, ती ओळ निर्दोष असते. दोष असतो हजारो ओळी मागे, केव्हाच काम संपवून बाजूला झालेल्या भागात. छडा लावण्यासाठी प्रोग्रॅमरने मध्येच एखादी छापण्याची आज्ञा घातली, तर मेमरीतली मांडणी सरकते आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. आज्ञा काढली की तो पुन्हा उगवतो.

अशी चूक दुरुस्त करणे म्हणजे उलट्या पावलांनी चालणे. कोणता पत्ता बिघडला ते पाहायचे, तो शेवटचा नीट कधी होता ते शोधायचे आणि त्यादरम्यान तिथे कोणी लिहिले याचा माग काढायचा. दोष सापडल्यावर दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. के अँड आर पुस्तकात शब्दाची प्रत जपून ठेवणारे एक छोटे काम आहे. ते मेमरी मागताना शब्दाच्या लांबीत एक मिळवते. हा अधिक एक विसरणे ही सी भाषेतली सर्वांत साधी आणि सर्वांत महाग चूक ठरली. तिची भावंडेही आहेत. मागितलेला तुकडा परत न करणे, परत केलेला तुकडा वापरत राहणे आणि एकच तुकडा दोनदा परत करणे. पहिल्या चुकीने मेमरी हळूहळू झिजत संपते. उरलेल्या दोन चुकांमुळे एकाच जागेवर दोघे हक्क सांगू लागतात.

या धोक्यांची रिची यांना कल्पना नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९७७ च्या सुमारास स्टीव्ह जॉन्सन यांच्यासमवेत युनिक्स दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर नेताना त्यांना आढळले, की लोकांनी पत्ता आणि संख्या यांची बिनदिक्कत सरमिसळ केली आहे. एका यंत्रावर ते चालून जाई, दुसऱ्यावर कोसळे. त्यानंतर भाषेचे नियम कडक झाले. जॉन्सन यांनी लिंट नावाचा एक वेगळा तपासनीस प्रोग्रॅम तयार केला. संशयास्पद ओळी निवडून दाखवण्याचे काम त्याच्याकडे गेले. मुख्य कंपायलर मात्र लहान आणि वेगवान राहिला. लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, त्याला अडवायचे नाही आणि त्याला वाटले तर तपासून घेण्याची सोय हाताशी ठेवायची, ही त्या मंडळींची रीत होती. मरे हिलमधल्या वीस-पंचवीस निष्णात माणसांत ती उत्तम चालली.

परंतु भाषा मरे हिलमध्ये राहिली नाही. १९८३ मध्ये रिची आणि थॉम्प्सन यांना संगणकशास्त्रातले सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. तोवर सी विद्यापीठांतून उद्योगांत पोचली होती. पुढे डेटाबेस, नेटवर्कची साधने, मोबाइल फोनचे अंतरंग, १९९१ मध्ये जन्मलेला लिनक्स, हे सारे प्रामुख्याने सीमध्ये किंवा तिच्यापासून निघालेल्या भाषांत लिहिले गेले. महाराष्ट्रातही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख वर्षानुवर्षे याच भाषेतून झाली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने ती देशभर घरोघरी नेली. पॉइंटरच्या प्रकरणापाशी अडखळलेला आणि आपला प्रोग्रॅम मध्येच का बंद पडतो याचा विचार करीत रात्र काढलेला प्रत्येक विद्यार्थी नकळत रिची यांच्या त्या १६ बाइटच्या नोंदीशी झगडत होता.

१९८८ हे वर्ष या कहाणीत महत्त्वाचे ठरले. सी भाषेचे अधिकृत प्रमाणक तयार करणाऱ्या अमेरिकन समितीने पॉइंटरविषयी एक नवा शब्द भाषेत घालण्याचे ठरवले होते. दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवीत नाहीत, असे गृहीत धरण्याची मुभा त्याने कंपायलरला मिळणार होती. समितीच्या कामापासून सहसा दूर राहणारे रिची त्या वर्षी कडक शब्दांत आडवे आले. प्रोग्रॅमरला न उमगता त्याचे बरोबर असलेले प्रोग्रॅमही यामुळे बिघडतील, असा त्यांचा आक्षेप होता. समितीने तो शब्द मागे घेतला. मेमरीचा धोका पत्करायचा असेल तर लिहिणाऱ्याने तो उघड्या डोळ्यांनी पत्करावा, त्याच्या पाठीमागे कोणी तो वाढवू नये, ही त्यांची भूमिका त्यातून स्पष्ट झाली.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला दुसरी घटना घडली. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवर पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती युनिक्समधल्या एका सेवेची. ही सेवा बाहेरून आलेला मजकूर ५१२ बाइटच्या जागेत वाचून घेई आणि त्यासाठी सीच्या ग्रंथालयातले गेट्स नावाचे काम वापरी. त्या कामाला जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नव्हती. मजकूर लांब असला, की तो हद्द ओलांडून पुढची मेमरी पुसत जाई. दुर्दैवाचा भाग असा, की या विद्यार्थ्याचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल लॅबोरेटरीजमध्ये रिची यांचे अनेक वर्षांचे सहकारी होते. एके काळी तीन टंकलेखकांचे काम बुडवणारी चूक आता अनोळखी माणसांना दुसऱ्याच्या घरात शिरण्याची वाट देऊ लागली होती.

रिची यांनी आपल्या निर्मितीचे समर्थन करताना कधी आवाज चढवला नाही आणि तिचे दोष झाकलेही नाहीत. १९९० मध्ये त्यांनी एक प्रस्ताव मांडला. रांगेच्या पत्त्यासोबत तिची लांबीही पुढे जावी, अशी सोय त्यात होती. १९७२ च्या सुमारास जागेअभावी मागे ठेवलेली लांबी जणू ते परत आणू पाहत होते. प्रमाणक समितीने पुढे वेगळा मार्ग स्वीकारला आणि तो प्रस्ताव मागे पडला. १९९३ मध्ये सीच्या जडणघडणीचा इतिहास लिहिताना, रांगा आणि पॉइंटर यांचे नाते हे या भाषेच्या सर्वांत ठळक वैशिष्ट्यांपैकी एक आहे आणि तिच्यावरील टीकेचे एक मोठे कारणही तेच आहे, हे त्यांनी सरळ नमूद केले. तो इतिहास आजही वाचावा असा आहे. कोणता निर्णय कोणत्या अडचणीतून आला, हे त्यात कसलाही आव न आणता सांगितले आहे.

१९९० च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्ये रिची यांच्या विभागात प्लॅन ९ आणि इन्फर्नो या नव्या सिस्टीम तयार झाल्या. इन्फर्नोसाठी सहकाऱ्यांनी लिम्बो नावाची भाषा बनवली आणि तिची माहितीपुस्तिका रिची यांनी लिहिली. लिम्बोमध्ये पत्त्यांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही, रांगेची हद्द प्रत्येक वेळी तपासली जाते आणि वापरून झालेली मेमरी यंत्रणा स्वतःच गोळा करते. सीच्या जनकाने अशा भाषेची नियमावली तितक्याच आस्थेने लिहावी, यात त्यांच्या स्वभावाची ओळख पटते. काळ आणि यंत्रे बदलली, की निर्णयही बदलावेत, याचे त्यांना वावडे नव्हते.

मानसन्मान येत राहिले. १९९८ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना थॉम्प्सन यांच्यासमवेत मिळाले. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. २०११ मध्ये दोघांना जपान पारितोषिक जाहीर झाले. त्या वर्षी मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीने तडाखा दिला. तोक्योतला समारंभ होऊ शकला नाही आणि मे महिन्यात मरे हिल येथेच रिची यांना पारितोषिक देण्यात आले. प्रकृती तेव्हाच खालावलेली होती. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी, जिथे ते एकटेच राहत, ते मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षे. ५ ऑक्टोबरला स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि जगभरची वृत्तपत्रे त्यांच्या आठवणींनी भरली होती. त्या गर्दीत रिची यांच्या जाण्याची बातमी बहुतेकांच्या नजरेतून निसटली. जॉब्ज यांच्या कंपनीची यंत्रेही ज्या सिस्टीमवर चालतात, तिचे मूळ युनिक्समध्ये आहे आणि तिचा गाभा मुख्यतः सीमध्ये लिहिलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर २०११ मध्ये, सी भाषेचे नवे आंतरराष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यातून गेट्स हे काम कायमचे वगळण्यात आले. १९८८ च्या धड्यावर अधिकृत शिक्का बसायला २३ वर्षे लागली. तरीही धोका सरला नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड या नावाने गाजलेला दोष इंटरनेटवरील गुप्त संवाद सांभाळणाऱ्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये निघाला. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी मानून ते सॉफ्टवेअर एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी वाचून परत पाठवी. त्यात पासवर्ड असत, गुप्त किल्ल्याही असत. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि २०२० मध्ये गुगलच्या क्रोम ब्राउझरच्या चमूने स्वतंत्रपणे जाहीर केले, की त्यांच्याकडच्या सुरक्षेच्या गंभीर दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या हाताळणीतले आहेत. हद्दीबाहेर पडलेले प्रत्येक पाऊल जागच्या जागी पकडणारी साधने आता उपलब्ध आहेत. मेमरीचा ताबा कोणाकडे आहे, हे प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासणारी रस्ट ही भाषा २०१५ मध्ये स्थिर झाली आणि २०२२ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यात सीच्या शेजारी तिला जागा मिळाली.

या साऱ्याचा दोष एकट्या रिची यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २४ किलोबाइटच्या यंत्रावर प्रत्येक रांगेची लांबी जपत बसले असते, तर कदाचित युनिक्स त्या यंत्रावर मावलेच नसते. त्यांनी विश्वास टाकला तो शेजारच्या खोलीत बसणाऱ्या माणसांवर. चूक झाली तर टंकलेखकांची क्षमा मागायला चालत जाता येईल, इतक्या अंतरावरची ही माणसे होती. पुढे तीच भाषा परस्परांना कधीही न भेटणाऱ्या लाखो माणसांनी वापरली. त्यांच्या चुकांची झळ ज्यांना लागली, त्यांना भाषेचे नावही ठाऊक नव्हते. विश्वासाचे हे वर्तुळ इतके रुंदावेल, हे १९७२ मध्ये कोणाला दिसणे शक्य नव्हते.

आपल्या निर्णयाचा जमाखर्च मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने मांडून ठेवला. काय मिळवले, त्यासाठी काय सोडले आणि सोडलेले परत कसे आणता येईल, हे सारे त्यात आहे. आजही कोठेतरी एखादा तरुण प्रोग्रॅमर कोसळलेल्या प्रोग्रॅमसमोर मध्यरात्री बसलेला असतो. उलट्या पावलांनी माग काढीत तो त्या एका ओळीपाशी पोचतो, मागितलेल्या बाइटच्या आकड्यात एक मिळवतो आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू लागतो. त्या ओळीवर काय विसरले जाऊ शकते, हे रिची यांच्या पुस्तकाने १९७८ मध्येच दाखवून ठेवले होते.